घरच्या लग्नात मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ चांगले यावेत म्हणून काय तयारी करावी?

मावशी, सांगली

नमस्कार. माझ्या भाचीचे लग्न येत्या वैशाखात सांगलीतल्या एका लहान कार्यालयात आहे. दोन्ही घरची मिळून सव्वाशे माणसे असतील. व्यावसायिक छायाचित्रकार बोलवायचा नाही, असे मुलाने आणि मुलीने मिळून ठरवले आहे. त्या पैशात त्यांना नव्या बिऱ्हाडासाठी सामान घ्यायचे आहे आणि त्यांचा हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे. त्यामुळे फोटोंची जबाबदारी माझ्यावर आणि माझ्या पुतण्यावर आली आहे. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड फोन आहे, पुतण्याकडे आयफोन आहे.

काळजी वाटण्याचे कारण असे की, साखरपुड्याचे फोटोही आम्हीच काढले होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक वाया गेले. मुलगा-मुलगी ज्या पाटांवर बसली होती त्यांच्या मागेच मोठी खिडकी होती, त्यामुळे बाहेरचे झाड स्वच्छ दिसते आणि दोघांचे चेहरे काळवंडलेले दिसतात. ओटी भरतानाचे फोटो हलल्यासारखे पुसट आले आहेत. व्हिडिओत दिव्यांमुळे काळसर पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. सर्वांत जास्त मनाला लागले ते अंगठीच्या वेळचे. अंगठी घालण्याच्या क्षणी फोनवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना आली. मी घाईघाईने जुनी शुभेच्छांची चित्रे पुसून जागा करीपर्यंत अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पेढ्यांचे ताट फिरू लागले होते. तो फोटो कोणाकडेच नाही.

लग्नाच्या दिवशी असे होऊ नये. नवीन फोन घेण्याचा विचार नाही. आहे त्या फोनवर, विशेषतः हळद, अंतरपाट दूर होण्याचा क्षण, कन्यादान आणि सप्तपदी यांचे फोटो नीट यावेत, यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


वाचक, ठाणे

आधी दोन साध्या गोष्टी सांगतो, कारण बहुतेक बिघाड त्यांतूनच होतात.

पहिली म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याची काच. लग्नघरात हाताला तेल, हळद, तूप, अत्तर असे काही ना काही लागलेले असतेच आणि फोन उचलताना बोट नेमके मागच्या काचेवर पडते. त्या थराने दिव्यांभोवती धुरकट वलये येतात आणि सगळा फोटो दुधाळ दिसतो. जुन्या धुतलेल्या सुती साडीचा मऊ तुकडा कनवटीला ठेवा आणि प्रत्येक विधीच्या आधी काच पुसा.

दुसरी म्हणजे जागा. आदल्या आठवड्यातच फोनमधले सगळे संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. व्हिडिओ किती जागा खातो याचा अंदाज आयफोनच्या सेटिंगमध्येच दिलेला असतो. हाय एफिशियन्सी (फाइल लहान ठेवणाऱ्या) पद्धतीत १०८०पी (फुल एचडी) आणि सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) या मापाने एका मिनिटाला सुमारे ६० एमबी, तर त्याच गतीने ४के (त्याहून बारीक तपशिलाचे चित्र) घेतल्यास सुमारे १७० एमबी लागतात. म्हणजे तासभर ४के व्हिडिओ घेतला तर १० जीबी गेले. घरच्या टीव्हीवर पाहण्यासाठी १०८०पी पुरेसे असते, असे माझे मत आहे.

आणि फोन विमान मोडवर टाका. व्हिडिओ सुरू असताना ‘कार्यालय नेमके कोठे आले’ असे विचारणाऱ्या पाहुण्याचा फोन आला की अनेक फोनवर चित्रीकरण तिथेच थांबते. पाहुण्यांना दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक द्या.


जुना छायाचित्रकार, कोल्हापूर

मावशी, मी सुमारे तीस वर्षे लग्नांचे फोटो काढले. सुरुवात रोलच्या कॅमेऱ्यावर झाली. एका रोलवर ३६ फोटो येत आणि नेमक्या वेळी रोल संपला तर तो बदलेपर्यंत मंगळसूत्र बांधून झालेले असे. त्यामुळे तुमच्या अंगठीच्या फोटोचे दुःख मला चांगले समजते. पण त्याच अडचणीने आम्हाला एक सवय लावली. पुढचा विधी कोणता, तो कोठे होणार आणि त्या वेळी कोण कोठे उभे असणार, हे आम्ही आधी विचारून ठेवत असू. फोन कोणताही असला, तरी तुमचे निम्मे काम या माहितीवरच होणार आहे.

म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी, मुहूर्ताच्या वेळेलाच, कार्यालयात एकदा जाऊन या. मुहूर्त दुपारचा असेल तर दुपारीच जा, संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. बोहल्यावर एखाद्या बहिणीला उभे करा आणि तिच्याभोवती चालत एक फेरी मारा. तिच्या चेहऱ्यावर उजेड कोणत्या बाजूने येतो ते डोळ्यांनाच दिसेल. साखरपुड्याला जे झाले ते खिडकी पाठीमागे असल्याने झाले. फोनने खिडकीचा उजेड मोजला आणि चेहरे अंधारात टाकले. बोहल्यामागे खिडकी असेल तर व्यवस्थापकांना सांगून तिच्यावर जाड पडदा ओढून घ्या, किंवा गुरुजींशी बोलून पाट थोडे वळवता येतात का ते पाहा. विधीची दिशा ठरलेली असते, त्यामुळे गुरुजी जे सांगतील ते मान्य करा. मात्र हातभर सरकायला बहुतेक गुरुजी आनंदाने तयार होतात.

आता अंतरपाट. या फोटोत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अंतरपाट पांढरा असतो आणि तो चौकटीचा मोठा भाग व्यापतो. एवढा पांढरा रंग समोर आला की फोनला उजेड फार आहे असे वाटते आणि तो सगळा फोटो गडद करतो. अंतरपाट खाली आल्यावर फोन पुन्हा नव्याने उजेड मोजू लागतो आणि त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात मुलीने वर पाहिलेले असते. यावर उपाय असा की, मंगलाष्टके सुरू असतानाच मुलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून ते दाबून धरावे. आयफोनवर ‘एई/एएफ लॉक’ अशी अक्षरे येतात, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर लहान कुलूप दिसते. म्हणजे अंतर आणि उजेड दोन्ही त्या चेहऱ्यावर पक्के झाले. शेजारच्या सूर्याच्या खुणेवर बोट सरकवून उजेड थोडा कमी-जास्त करता येतो. चेहरा नीट दिसेल इतका ठेवा, अंतरपाट जरा जास्त पांढरा आला तरी चालेल.

उभे राहण्याची जागा त्याहून महत्त्वाची. दोघे समोरासमोर असतात, त्यामुळे समोरून फोटो घेणाऱ्याला एकाची पाठ दिसते. अंतरपाटाच्या टोकाच्या रेषेत उभे राहिले तर दोन्ही चेहरे बाजूने दिसतात, पण तिथे अंतरपाट धरणारा माणूस उभा असतो. म्हणून त्याच्या खांद्याजवळ, वराकडच्या बाजूला अर्धे पाऊल सरकून उभे राहा, म्हणजे कापड दूर होताच मुलीचा चेहरा मोकळा मिळतो. पुतण्याने दुसऱ्या टोकाला, वधूकडच्या बाजूला उभे राहावे, म्हणजे वराचा चेहरा त्याच्याकडे येईल. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढून घेणार, हे गुरुजींना आधी विचारून ठेवा, नाहीतर ते कापड नेमके तुमच्या फोनवरून जाईल. ‘तदेव लग्नं’ कानावर पडले की तयार राहा. त्यानंतर अक्षता, वाजंत्री आणि हार हे सगळे मिनिटाभरात होते. अशा वेळी एकेक फोटो न काढता सलग फोटो घ्या. आयफोनवर फोटोचे बटण डावीकडे ओढून धरले की ते होते, काही अँड्रॉइड फोनवर ते खाली ओढावे लागते. कोणत्या फोनवर कसे होते, ते घरीच करून पाहा.

ओटीचे फोटो पुसट आले, कारण उजेड कमी होता आणि हात हलत होते. उजेड कमी असला की फोन कॅमेऱ्याचा पडदा (शटर) जास्त वेळ उघडा ठेवतो. रात्रीचा मोड तर कधी कधी दोन-तीन सेकंद घेतो. तो मोड स्थिर देवघरासाठी चांगला आहे, हालणाऱ्या माणसांसाठी बंद ठेवा. झूम न करता जवळ जा. बऱ्याच फोनमध्ये, दोन-तीन पट झूमचा आकडा दाबला तरी, मंद उजेडात फोन लांबच्या भिंगाचा वापरच करत नाही. तो मुख्य कॅमेऱ्याचे चित्र कापून मोठे करून देतो. फ्लॅशचा उजेड दीड-दोन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, आणि जवळून मारला तर साडीची जर व घामाने ओले कपाळ दोन्ही चमकतात. मी तो वापरत नाही.

कन्यादानाला चेहऱ्यांइतकेच हातांचे फोटो घ्या. ओंजळी एकाखाली एक धरलेल्या असतात, वरून आई पाण्याची धार सोडते आणि खाली काशाचे पात्र असते. तुम्ही जमिनीवर बसून, धारेच्या मागे गडद शालू किंवा सोवळे येईल अशा बाजूने पाहिले, तर ती बारीक धार एखाद्या चांदीच्या तारेसारखी दिसते. उभ्याने वरून घेतलेल्या फोटोत ती दिसतच नाही. सप्तपदीलाही खालीच बसा. तांदळाच्या पुंजीवर टेकणारे पाऊल, पैंजण आणि विरोदे यांचा फोटो पुढे वर्षानुवर्षे पाहिला जातो. होमाचा धूर वाढला की फोनला चेहरा सापडेनासा होतो. तेव्हा वाऱ्याची दिशा पाहून धुराच्या विरुद्ध अंगाला जावे.

पोर्ट्रेट मोड मुंडावळ्या बांधलेल्या असताना वापरू नका. मागची पार्श्वभूमी धूसर करताना फोन गालाशी लोंबणारे मोत्यांचे सरही पुसून टाकतो. मी माझ्या पुतणीच्या लग्नात हे पाहिले. एका बाजूची मुंडावळी कानापाशीच संपलेली दिसते.


मावशी, सांगली

दादा, इतके मनापासून लिहिल्याबद्दल आभारी आहे. अंतरपाटाची बाजू विचारून ठेवणे मला कधीच सुचले नसते. ठाण्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फोन रिकामा करण्याचे काम आजच सुरू केले.

व्हिडिओतल्या काळ्या पट्ट्यांविषयी कोणी सांगू शकेल का? शिवाय पुतण्याच्या मनात अक्षतांचा व्हिडिओ संथ गतीत घ्यायचा आहे. ते कार्यालयात जमेल का? आणि मंगलाष्टके माझी मोठी बहीण स्वतः म्हणणार आहे. तिचा आवाज नीट यावा, ही माझी फार इच्छा आहे.


मराठी वाचक, न्यू जर्सी

पट्ट्यांचे कारण विजेत आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोन चित्र वरून खाली एकेक ओळ करून वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडाच्या क्षणी वाचल्या जातात आणि काही मंद क्षणी. पडदा १/५० किंवा १/१०० सेकंद उघडा राहिला, तर दिव्याचे उजळणे-मंदावणे पूर्ण मोजले जाते आणि पट्टे जातात.

मला हे अनुभवाने शिकावे लागले. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. मी इथल्या सवयीने १/६० ठरवून ठेवला होता आणि पुण्यात भावाच्या लग्नात दोन तास तसाच व्हिडिओ घेतला. संपूर्ण व्हिडिओत पट्टे आहेत आणि ते नंतर काढता आले नाहीत. अमेरिकेतून येणारे तुमचे कोणी पाहुणे व्हिडिओ घेणार असतील, तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

आयफोनवर सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ येथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ असा पर्याय आहे. तो सुरू केला की सेकंदाला २५ चौकटींचा पर्याय मिळतो. आपल्याकडील विजेशी तो जुळतो. तुमच्या अँड्रॉइड फोनवर प्रो व्हिडिओ (शटर वगैरे स्वतः ठरवू देणारा मोड) असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. तो नसेल तर फोन बहुधा आपणहून जुळवून घेतो, पण कार्यालयात आधी दहा सेकंद चित्रीकरण करून पाहा. सजावटीच्या स्वस्त रंगीत एलईडी पट्ट्या आणि व्यासपीठामागचा एलईडी पडदा मात्र आपापल्या वेगाने लुकलुकतात. त्यांच्यावर हा उपाय चालत नाही. आदल्या दिवशी पट्टे दिसले, तर विधीपुरत्या त्या बंद करण्याची विनंती करा.

संथ गतीचा व्हिडिओ सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींनी घेतला जातो. एवढ्या वेगात दिव्याचे प्रत्येक मंदावणे टिपले जाते आणि चित्र सारखे उघडझाप करते. अक्षता संथ गतीत हव्या असतील तर दिवसाचा उजेड भरपूर असलेली जागा लागेल. कार्यालयाच्या आत मी तो प्रयत्न करणार नाही, कारण तो क्षण पुन्हा मिळत नाही. वरात निघताना बाहेर उन्हात फुले उधळणार असाल, तर तिथे जरूर घ्या.


निवृत्त शिक्षिका, बार्शी

मावशी, तुम्ही बहिणीच्या आवाजाविषयी विचारलेत म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे फोटोंचे ढीग आहेत, पण माझ्या आईचा आवाज फक्त सव्वा मिनिटाचा आहे. हळदीला जात्यावर म्हटलेल्या चार ओव्या माझ्या मुलाने सहज फोनवर धरल्या होत्या. आई गेल्यानंतर त्या सव्वा मिनिटासाठी सगळी भावंडे एकत्र बसतो.

त्यासाठी एक वेगळा फोन फक्त आवाजासाठी ठेवा. घरातला कोणताही जुना फोन चालतो. त्यात आवाज नोंदवणारे ॲप सुरू करून, विमान मोडवर टाकून, तो बहिणीपासून हात-दोन हातांवर ठेवा. कार्यालयाच्या मोठ्या स्पीकरजवळ ठेवू नका, तिथे आवाज फाटतो आणि घुमतो. सुरू केल्यावर दोन्ही फोन चालू असताना एकदा जोरात टाळी वाजवा. पुढे व्हिडिओ आणि आवाज जुळवताना ती टाळी शोधली की दोन्ही बरोबर बसतात. व्हिडिओ घेणाऱ्यानेही एक काळजी घ्यावी. फोन आडवा धरला की त्याच्या खालच्या कडेचा माइक तळव्याखाली झाकला जातो. तिथली जागा मोकळी सोडून पकडावे.

उखाण्यांच्या वेळी वाजंत्री थांबवायला सांगा आणि फोन जवळ न्या. उखाणा घेणारी लाजून हळू बोलते, भोवतालच्या बायका हसतात आणि नेमके नाव त्या हसण्यात बुडून जाते. नाव घेऊन झाल्यावरही पाच-दहा सेकंद व्हिडिओ बंद करू नका, कारण नंतरचे हसणेही पुढे हवेसे वाटते.

हळदीविषयी थोडे. मांडवाचे कापड पिवळे किंवा लाल असेल तर उन्हाचा उजेड त्यातून गाळून येतो आणि सगळी माणसे त्याच रंगाची दिसतात. हळदीचा पिवळा रंग त्यात हरवतो. आम्ही दुसऱ्या मुलीच्या वेळी मांडवाचे वरचे कापड पांढरे घेतले, आणि जिथे कापड संपते त्या कडेला पाट मांडले. उजेड बाजूने आला आणि गालावरची ओली हळद खरी हळदीसारखी दिसली. मंडपवाल्याला आठवडाभर आधी सांगितले तर तो कापड बदलून देतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. हळदीच्या वेळी बायका मोकळ्या असतात, साड्या ओल्या होतात, लहान मुले उघडी फिरत असतात. ते फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि काढलेच तर ते घराबाहेर जाऊ देऊ नयेत. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा असा फोटो कोणीतरी स्टेटसला ठेवला आणि ती पुढच्या दोन लग्नांना आली नाही. घरातल्या ज्या बाईला फोटो नको असेल तिला कारण विचारू नये.

वयस्कर मंडळींचे फोटो जेवणाआधी, ती ताजीतवानी असताना घ्या. त्यांना व्यासपीठावर चढवू नका. त्यांच्या खुर्चीपाशी वधू-वरांना घेऊन जा आणि तुम्ही गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या.


वाचक, नाशिक

ठाण्याच्या दादांशी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सगळा व्हिडिओ ४केमध्ये घेऊ नये हे बरोबर आहे, पण अंतरपाट, हार आणि मंगळसूत्र या मोजक्या मिनिटांसाठी ४के ठेवावे. फोटो चुकला तर त्या व्हिडिओतली एखादी चौकट काढून पोस्टकार्ड आकारात छापता येते. १०८०पीमधून काढलेली चौकट त्यामानाने फिकी पडते.

व्हिडिओ आडवा की उभा, हेही घरातल्या तरुण मंडळींशी आधीच ठरवा. आमच्याकडे अर्धा व्हिडिओ उभा आणि अर्धा आडवा निघाला आणि तो एकत्र जोडताना दोन्ही बाजूंना काळ्या जागा राहिल्या. विधी आडवे घ्यावेत, उभ्या व्हिडिओची हौस वरातीत भागवावी.

वैशाख आहे म्हणून उन्हाचेही सांगतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे ॲपल सांगते, आणि सांगलीचे मे महिन्याचे ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. फोन तापला की आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चित्रीकरण बंद पाडतो. वरातीआधी फोन सावलीत, पंख्याखाली ठेवा, जाड कव्हर काढून टाका आणि चार्जिंगला लावलेला असताना चित्रीकरण करू नका. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत ओल धरते.


जुना छायाचित्रकार, कोल्हापूर

नाशिकच्या दादांचे ४केविषयीचे म्हणणे योग्य आहे, मी त्याला दुजोरा देतो.

एकत्र फोटोंचे लिहायचे राहिले होते. घराघराची यादी आधी कागदावर करा आणि माणसे गोळा करण्याचे काम एखाद्या खणखणीत आवाजाच्या आत्याकडे द्या. फोटो काढणाऱ्याने माणसे शोधत फिरू नये. ०.५ असे लिहिलेल्या रुंद भिंगाने एकत्र फोटो घेऊ नका, कडेची माणसे ताणलेली दिसतात. चार पावले मागे जा, दोन रांगा करा आणि प्रत्येक वेळी निदान पाच फोटो घ्या, कारण पंधरा माणसांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

लग्नाच्या रात्री कितीही दमला असलात तरी दोन्ही फोनमधले सगळे एका संगणकावर आणि एका वेगळ्या डिस्कवर उतरवूनच झोपा. कार्यालयात बसून वाईट फोटो पुसत बसू नका. घाईत चांगलेही पुसले जातात. नातेवाइकांकडचे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे मागवले तर ते दाबून लहान होतात आणि ते कधी काढले याची नोंदही निघून जाते. २०२३पासून तिथे एचडीचा पर्याय आला आहे, पण त्यातही मूळ फाइल येत नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा गूगल फोटोजवर एक सामाईक अल्बम करा. तिथे मोफत जागा १५ जीबीच असते आणि तीत जीमेलही मोजले जाते, हे ध्यानात ठेवा.


मावशी, सांगली

सर्वांची मी ऋणी आहे. काल आमच्याकडे भाचीचे केळवण झाले. त्यात यातले बरेच करून पाहिले, ते कळवते.

काच प्रत्येक वेळी पुसली. पाट खिडकीकडे तोंड करून मांडले. भाचीच्या चेहऱ्यावर बोट दाबून उजेड पक्का केला आणि औक्षण करताना जमिनीवर बसून फोटो घेतले. निरांजनाची ज्योत आणि तिचा चेहरा दोन्ही एकाच फोटोत नीट दिसतात. साखरपुड्याला असा एकही फोटो नव्हता. सलग फोटो घेताना माझा हात बटणावरून दोनदा सुटला, त्याचा सराव अजून करावा लागेल. पुतण्याने २५ चौकटींवर घेतलेल्या व्हिडिओत आमच्या ट्यूबलाइटचे पट्टे आले नाहीत, पण दारावरच्या रंगीत माळेचे आले. ती माळ लग्नघरी फक्त बाहेरच्या भिंतीला लावायची, असे ठरवले आहे.

बार्शीच्या ताईंचे वाचून मी आमच्या ८४ वर्षांच्या काकूंना जेवणाआधी एक उखाणा घ्यायला लावला आणि जुना फोन त्यांच्या पाटाशेजारी ठेवला. त्यांनी एकाऐवजी तीन उखाणे घेतले. तिसरा आमच्यापैकी कोणीच पूर्वी ऐकलेला नव्हता. हळदीच्या फोटोंविषयी दोन्ही घरच्या बायकांशी बोलले. ते फक्त मुलीच्या आईकडे राहतील, असे ठरले आहे.

आज सकाळी गुरुजींकडे जाऊन आले. ते अंतरपाट स्वतःच्या उजव्या हाताला ओढून घेतात, असे त्यांनी सांगितले, आणि शेजारी उभे राहायला त्यांची हरकत नाही. त्या बाजूला मुलीचे मामा असतील, ते उंच आहेत. त्यांना अर्धे पाऊल मागे राहायला मी सांगणार आहे.